टेकनचे भाग पायांनी मोजू: तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत काय जमलं, काय बिघडलं

पायचाल:
टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेम मालिकेतला कुठला भाग सरस हा विषय निघाला की बोलणं खेळाडूंच्या यादीवर नाहीतर ग्राफिक्सवर जातं. इथे एकच माप लावून बघू. समोरचा अंगावर येतोय आणि आपण बचावात आहोत. अशा वेळी आपल्या पायांत किती उत्तरं उरतात? मागे सरकून त्याचा फटका हुकवता येतो का, बाजूला पाऊल टाकून त्याची कूस मिळते का, आणि हे साधलं तर मोल पुरेसं मिळतं का? इतर बऱ्याच मालिका उडीवर आणि लांबून फेकलेल्या गोळ्यावर उभ्या आहेत. टेकन जमिनीवरच्या अर्ध्या पावलावर उभा आहे, त्यामुळे तो त्याच पावलाने मोजलेला बरा.

पहिल्या दोन भागांवर फार वेळ घालवत नाही. आर्केडमध्ये ते १९९४ आणि १९९५ साली आले. उडी इतकी उंच आणि संथ होती की खेळाडू हवेत तरंगायचा, आणि बाजूला सरकायची सोय मोजक्यांनाच होती. तिसरी मिती फक्त चित्रात होती.

तिसऱ्या भागाने (आर्केड १९९७, प्लेस्टेशन १९९८) उडी खाली आणली आणि साइडस्टेप सगळ्यांना दिला. वर किंवा खाली एक टिचकी मारली की सरळ रेषेतला ठोसा कानाजवळून निघून जातो आणि समोरच्याची बाजू उघडी मिळते. आजचा टेकन तिथे सुरू झाला.

माझा क्रम असा: पाचव्याचं डार्क रिझरेक्शन सर्वांत वर. त्यानंतर सातवा, मग तिसरा आणि पहिला टॅग (जोडीने खेळायचा वेगळा भाग) जवळजवळ बरोबरीने. मग सहावा, मग दुसरा टॅग. चौथा आणि आठवा शेवटी, पण दोघांची कारणं अगदी वेगळी आहेत.

डार्क रिझरेक्शन वर का? २००४च्या पाचव्या भागात जागा सपाट झाल्या, भिंती राहिल्या, आणि कुठला फटका मारताना हाय (डोक्याच्या उंचीचा, बसून चुकवता येणारा) चुकतो, कुठला मारताना लो (खालचा, बसून ब्लॉक करायचा), याचे नियम पक्के बसले. स्टीव्ह, नीना आणि ब्रायन मात्र बाकीच्यांच्या फार पुढे होते. २००५च्या डार्क रिझरेक्शनने त्यांना लगाम घातला आणि लिली व ड्रॅगुनोव्ह आणले. जगल, म्हणजे हवेत उडवलेल्याला खाली पडू न देता मारायच्या फटक्यांची मालिका, बेताचे होते. एका चुकीत जीवाची अर्धी पट्टी जायची, पण फेरी संपायची नाही, त्यामुळे पुढच्या पावलाला किंमत राहायची.

सहाव्याने (आर्केड २००७, घरी २००९) बाउंड आणला. हवेतल्या खेळाडूला जमिनीवर आपटायचं, तो उसळला की पुन्हा मारायचं. त्यात पट्टी संपत आली की रेज, म्हणजे तेच फटके आणखी जड. हे दोन्ही एकत्र आल्यावर एका लाँचरची (समोरच्याला हवेत उडवणाऱ्या फटक्याची) किंमत भलतीच वाढली. बचाव नऊ वेळा बरोबर केला आणि दहाव्यांदा चुकला, तर आधीचे नऊ पाण्यात.

आठव्यावर सविस्तर नंतर लिहितो. आधी तुमचे क्रम येऊ देत.

खालचा_फटका:
तिसऱ्याला बरोबरीत ठेवलंत त्यावर माझा आक्षेप. आठवणीतला तिसरा आणि प्रत्यक्ष खेळलेला तिसरा यांत फरक आहे. त्या भागात बॅकडॅश (झटक्यात मागे घेतलेली उडी) इतका लांब जातो की दोन जाणकार समोरासमोर आले की एकजण मागेच जात राहतो. जागा संपत नाही, कारण भिंतीच नाहीत. पुढे असलेला खेळाडू घड्याळ संपेपर्यंत लांब राहू शकतो. पायांचं माप लावायचंच असेल तर पाठलाग करणाऱ्याच्या पायांनाही काही मिळायला हवं.

कपोएरा या ब्राझिलियन युद्धकलेने लढणाऱ्या एडी गॉर्डोचीही एक गोष्ट सांगायला हवी. नुसती बटणं दाबून तो जिंकतो असं लोक म्हणतात, कारण त्याच्यासमोर सवयीने जॅब, म्हणजे झटपट साधा ठोसा, मारला जातो. तो जमिनीलगत बसलेला असताना जॅब डोक्यावरून जातो, कारण जॅब हाय आहे. उलटा हातांवर उभा असतानाही हाय मारण्यात अर्थ नाही. तिथे मिड (मधल्या उंचीचा, बसलेल्यालाही लागणारा फटका) मारायचा, शक्यतो सरळ आणि लवकर निघणारा, आणि त्याची मालिका सुरू असताना मध्ये हात घालायचा नाही. शेवटचा फटका ब्लॉक झाल्यावर एक मिड, मग पुन्हा ब्लॉक. हे चार फेऱ्या धीराने केलं की बटणं बडवणाऱ्याकडे उरतं काय? कपोएरा जाणणारा एडी मात्र या उपायाने थांबत नाही, कारण तो फटक्याच्या मध्येच बैठक बदलतो आणि तुमचा मिड रिकामा घालवतो.

भिंतीपाशी:
चौथ्याला शेवटी टाकण्याआधी थांबा. भिंत या मालिकेत आणली कोणी? चौथ्याने (आर्केड २००१, प्लेस्टेशन २ वर २००२). खालचा_फटका जे म्हणतोय, मागे पळत राहणाऱ्याला आवर कसा घालायचा, त्याचं उत्तर भिंत हेच आहे. पाठ भिंतीला टेकली की बॅकडॅश संपतो आणि समोरच्याला निर्णय घ्यायला भाग पाडता येतं. जागा बदलणारे थ्रोही (धरून फेकण्याचे डाव) त्याच भागात आले. स्वतःची पाठ भिंतीला असताना थ्रो लावून समोरच्याला भिंतीकडे फिरवायचं. ही कल्पना मला आजही आवडते.

चौथ्यात बिघडलं ते जमिनीत. उंचसखल फरशी, चढउतार. हवेत उडवलेला खेळाडू चढाकडे गेला की जमीन त्याला लवकर गाठते, मग सपाट जागेवर पाठ केलेला जगल तिसऱ्या फटक्याला सुटतो. उताराकडे गेला की उलट, जास्तीचा फटका बसतो. म्हणजे एकच कॉम्बो पाच जागी पाच प्रकारे शिकायचा. दुसरं, भिंतीला चिकटलेल्यावर पुन्हा पुन्हा तोच डाव लावायला रान मोकळं होतं. आणि तिसरं जिन. मिशिमा पद्धत सोडून त्याला पारंपरिक कराटे दिलं आणि त्यात लेझर स्क्रेपरसारखा अचूक फ्रेमवर बसणारा फटका दिला. नेम साधणाऱ्याच्या हातात त्याच्यापुढे फार थोडे टिकतात.

पण भिंत ठेवून जमीन सपाट करायची, हे पाचव्याला चौथ्याच्या चुकांवरूनच सुचलं. त्यामुळे माझ्या क्रमात चौथा सहाव्याच्या वर आहे.

भिंतीत सापडलेल्यांसाठी, भाग कुठलाही असो: पहिली चूक असते घाईने बटण दाबण्याची. भिंतीपाशी काउंटर हिट (आपण मारायला जात असतानाच बसलेला फटका) लागला की पाठ भिंतीवर आपटते आणि पुढचे तीनचार फटके निमूट खावे लागतात. दुसरी चूक उडी मारण्याची, कारण हवेत ब्लॉक नाही. आधी उभ्याने ब्लॉक. समोरच्याची मालिका मायनसमध्ये संपली, म्हणजे त्याच्याआधी आपण हलू शकतो, की त्याच क्षणी साइडस्टेप, आणि नुसतं पाऊल नको, वर किंवा खाली दाबून धरून दोन पावलं चाला. त्याचा पुढचा सरळ फटका भिंतीवर जाईल आणि तुम्ही मोकळ्या बाजूला. जो सारखा लोच मारतोय त्याला एकदा लो पॅरी (लो येताच खाली-पुढे दाबून तो हाताने बाजूला सारणं) दाखवा. मग पुढचा लो मारताना तो विचार करेल.

निळीठिणगी:
पायचालच्या मापात एक गोष्ट राहिली. काही खेळाडूंचा हल्लासुद्धा पायांतूनच निघतो. मिशिमा घराण्याचा इलेक्ट्रिक, म्हणजे ठिणगी उडवणारा उजवा ठोसा, घ्या. काझुया, हेहाची, डेव्हिल जिन आणि आता रेइना, सगळ्यांचा पाया तोच, आणि कुठल्याही भागाची हाताला लागणारी चव त्यावरूनच समजते.

तो नेमका निघतो कसा? पुढे, मग बोट पूर्ण सोडून मधली जागा, मग खाली, मग खाली-पुढे, आणि खाली-पुढे ज्या फ्रेमवर लागतो त्याच फ्रेमवर उजवा ठोसा. सेकंदाला ६० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. एवढ्याच जागेत दोन बोटं एकदम पडायला हवीत. जमलं तर हातावर निळी ठिणगी दिसते. ब्लॉक झाला तरी तुम्ही प्लस पाच (समोरच्यापेक्षा पाच फ्रेम आधी मोकळे), लागला तर समोरचा हवेत. ठोसा थोडा उशिरा पडला तर ठिणगीशिवायचा साधा विंड गॉड फिस्ट निघतो, आणि तो ब्लॉक झाल्यावर मायनस दहा, म्हणजे प्रत्येकाच्या जॅबने पनिश होतो (हमखास मार खातो). ठोसा आधी पडला तर भलताच फटका निघतो. ठोसा निघायला ११ फ्रेम लागतात आणि आधीच्या तीन दिशा धरल्या तर १४. त्यामुळे मायनस चौदा किंवा त्याहून वाईट फटका ब्लॉक केला तरच इलेक्ट्रिकने पनिश करता येतं, तेही हात निर्दोष असेल तर.

बहुतेकांचं घोडं अडतं ते मधल्या जागेवर. गेमपॅडवर अंगठा पुढून खाली घसरवला की वाटेत खाली-पुढे आधीच लागतो आणि गेमला वेगळीच आज्ञा मिळते. अंगठा उचला. पुढे, उचल, मग खाली. सराव मोडमध्ये आज्ञांची यादी पडद्यावर ठेवा आणि खाली-पुढेचा बाण व ठोसा एकाच ओळीत येतोय का ते बघा. दोन ओळींत आले तर कुठलं बोट उशिरा पडतंय तेही तिथेच कळतं. डाव्या आणि उजव्या बाजूने सारखाच सराव करा. एका बाजूने दहात नऊ आणि दुसऱ्या बाजूने दहात दोन, असा हात सामन्यात दगा देतो.

इलेक्ट्रिक हाय आहे हे विसरू नका. बसलेल्यावर तो फुकट जातो, आणि काझुयासमोर स्वतःच्या डाव्या बाजूला साइडस्टेप हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. पहिल्या टॅगमध्ये (आर्केड १९९९) मिशिमा इतके वरचढ झाले, कारण तिथे भिंती नव्हत्या, जागा अमर्याद होती आणि मागेपुढे नाचायला रान मोकळं होतं. ज्याचे पाय चालतात त्याला तो भाग स्वर्ग वाटतो, बाकीच्यांना नाही. मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

दोघांची_जोडी:
दुसऱ्या टॅगला (आर्केड २०११, घरी २०१२) सगळे सरसकट खाली ढकलतात, म्हणून लिहितोय. हो, कॉम्बो लांब होते. बाउंड लागला की टॅग दाबायचं, जोडीदार आत येऊन दोन फटके घालणार आणि मग पहिला पुढे चालू ठेवणार. समोरच्याने तोपर्यंत हात बाजूला ठेवायचे. ही तक्रार खरी आहे. पण बचावाला एवढी साधनं आधी कुठल्याच भागाने दिली नव्हती. पाडलेल्या अवस्थेतून जोडीदाराला धडकवून बोलावता यायचं. बदललेल्या खेळाडूची पट्टी हळूहळू भरायची. एकट्याने दोघांशी लढायचीही सोय होती, आणि ती नुसती नावाला नव्हती. शिवाय ५०हून जास्त खेळाडू. मालिकेतले जवळजवळ सगळे चेहरे एकाच ठिकाणी.

त्याला बाधली ती शिकण्याची उंची. समोर ५०हून जास्त खेळाडू, प्रत्येकाचे शंभराच्या आसपास फटके, आणि कुठल्याही क्षणी त्यातला दुसरा आत येऊ शकतो. नवीन माणूस कुठल्या फटक्यानंतर मारायचं हे पाठ करेपर्यंत थकून जातो. एक खेळाडू गारद झाला की फेरीच संपते, हा नियमही कित्येकांना उशिरा लक्षात यायचा. ते दुसऱ्याच्या पट्टीवर भरवसा ठेवून पहिल्याला आत ठेवायचे आणि हरायचे. बदलायचं कधी? पट्टीचा परत भरणारा लाल भाग मोठा झालाय आणि समोरचा जमिनीवर पडलाय तेव्हा. समोरचा उभा असताना उघड्यावर टॅग केलं की आत येणारा धावत येतो आणि त्याच्या छातीवर लाँचर बसतो.

पायचाल:
भिंतीपाशी, चौथ्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. भिंतीचं श्रेय मी द्यायला हवं होतं. सहाव्याच्या वर नेतो. टॅग दुसऱ्याबद्दल मत तेच. जी साधनं वापरायला आधी वर्षभर पाठांतर लागतं ती बचावात मोजता येत नाहीत.

आता सातवा. आर्केडमध्ये २०१५, घरी जून २०१७. बाउंड काढून स्क्रू आणला. समोरचा हवेत गिरकी घेतो आणि लांब फेकला जातो. जगलने भिंतीकडे नेणं सोपं झालं, पण आपटून पुन्हा उचलणं गेलं. पॉवर क्रश आला, जो हाय आणि मिड अंगावर झेलून पुढे येतो, पण लोला आणि थ्रोला झेलू शकत नाही. ज्याला पॉवर क्रशचा त्रास होतो त्याने लो मारावा किंवा धरावं, एवढं साधं आहे. पट्टी संपत आली की रेज आर्ट मिळते, फेरीत एकदा. हा जड फटका निघाला की वाटेतला मार अंगावर झेलतो, पण ती ब्लॉक झाली की वापरणारा पुरता उघडा पडतो. म्हणून पट्टी लाल झालेल्या माणसासमोर धीर धरायचा. अर्धं पाऊल पुढे जायचं, थांबायचं, ब्लॉक करायचं.

बचाव करणाऱ्याला सातव्याने काय दिलं हे पाकिस्तानच्या अर्सलान अॅशने २०१९च्या इव्हो स्पर्धेत जगाला दाखवलं. त्याच्या काझुमीचं बळ मोठ्या कॉम्बोत नव्हतं. बॅकडॅश, साइडस्टेप, हुकलेल्या फटक्यावर एक नेमका ठोसा, आणि पुन्हा अंतर, यावर तो खेळत होता. समोर कोरियाचा नी होता, आणि नी म्हणजे काय दर्जा हे इथे सांगायला नको.

सातव्याची चूक पाहुण्यांत. अकुमा आणि गीस यांना दुसऱ्या जातीच्या खेळाचे नियम देऊन आत आणलं. उडी मारून मारणं, मीटर, फटका मध्येच रद्द करणं. उडीवर साइडस्टेपने उत्तर देता येत नाही, म्हणजे टेकनने शिकवलेलं अर्धं त्यांच्यासमोर निरुपयोगी. आणि डिसेंबर २०१९मध्ये आलेला लेरॉय. जानेवारी २०२०च्या इव्हो जपानमध्ये शेवटच्या आठांत बहुतेक लेरॉयच दिसले. पुढे त्याला आवरलं.

नवखा_हात:
हे सगळं वाचून डोकं भरलं, पण आवडलं. आता सुरुवात करायची तर सातव्यातून की आठव्यातून? आणि थ्रो तोडणं कुठल्या पद्धतीने शिकावं? नेहमी उशीर होतो.

खालचा_फटका:
@नवखा_हात, आठव्यातून. मला तो सातव्याइतका आवडत नसला तरी शिकायची साधनं त्यात फार पुढची आहेत. फ्रेमची माहिती सराव मोडमध्ये सुरुवातीपासूनच आहे. सातव्यात ती पैसे मोजून वेगळी घ्यावी लागली, हे मला कधीच पटलं नाही. आठव्यात स्वतःचा सामना पुन्हा चालवताना कुठल्याही क्षणी थांबून तिथून खेळ हातात घेता येतो. कुठे पनिश करता आलं असतं हेही गेम दाखवतो. हरलेल्या सामन्यातला एकच फटका निवडा, जो सर्वांत जास्त वेळा लागला. तेवढ्यावरच दहा वेळा खेळ हातात घ्या. मग पुढचा.

थ्रोसाठी तोंडाकडे किंवा पायांकडे बघू नका, खांद्यांकडे बघा. डावा हात पुढे आला तर डावा ठोसा, उजवा आला तर उजवा, दोन्ही आले तर दोन्ही एकदम. सराव मोडमध्ये संगणकाच्या खेळाडूला तीन जागी तीन वेगळे थ्रो नोंदवायला लावा आणि गेमला त्यांतून कुठलाही चालवायला सांगा. पण सुरुवात दोनच थ्रोंनी करा, डावा आणि दोन्ही हातांचा. प्रत्येकी वीसपैकी अठरा तुटले की तिसरा आत घ्या. तेही जमलं की चौथ्या जागी जॅब नोंदवा, म्हणजे नुसत्या हालचालीवर बोट पडायची सवय सुटते. उशीर होतो तो डोळ्यामुळे कमी आणि बोटामुळे जास्त. बोटं ठोशांच्या बटणांवर टेकवून ठेवा, वर अधांतरी धरू नका. आणि थ्रो हाय असतो. समोरचा थ्रोच करणार अशी खात्री असेल तर तोडत बसू नका. बसा, आणि त्याचे हात हवेत गेले की उठता उठता मारा.

पायचाल:
यात भर. पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी पनिश करायला शिका: दहा फ्रेमचा जॅब मायनस दहावर, बसलेल्या अवस्थेतून उठताना उजवी लाथ लो ब्लॉक केल्यावर (जवळजवळ सगळ्यांची ११ फ्रेमची), आणि लाँचर मायनस पंधरावर. पुढे-वर दाबून मारायची उडती लाथ बऱ्याच खेळाडूंची ब्लॉक झाल्यावर मायनस तेरा असते. लोक ती बिनधास्त मारत राहतात, कारण समोरचा काहीच करत नाही.

बॅकडॅशबद्दल: मागे-मागे केलं की एक उडी मागे जाते. लगेच दुसरी मागितली तर गेम देत नाही, कारण पहिली अजून संपलेली नसते. म्हणून खाली-मागे दाबून बसायला सुरुवात करायची, त्याने पहिली उडी मध्येच तुटते, आणि लगेच पुन्हा मागे-मागे. याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. खाली-मागे क्षणभरच. जास्त वेळ धरलं तर तुम्ही खरोखर बसता आणि समोरचा मिड डोक्यावर येतो. आधी दोनच उड्या जोडा. पाच जोडायची घाई केली की बोटं ताल सोडतात आणि चुकीचीच सवय लागते.

हीट_दहा:
आठव्यावर आतापर्यंत फक्त ताशेरे आलेत. बाजू मांडतो.

जानेवारी २०२४मध्ये आलेल्या या भागात हीट, म्हणजे हल्ल्याला बळ देणारी अवस्था, आहे. फेरीत एकदा, दहा सेकंद. हीट बर्स्टने स्वतः चालू करता येते किंवा ठरावीक फटके लागले की आपोआप होते. हीटमध्ये असताना ब्लॉकवरूनही पट्टीचा थोडा भाग झिजतो, पण तो पांढरा भाग हल्ला करून परत मिळवता येतो, अगदी समोरच्याने ब्लॉक केला तरी. म्हणजे जो मागे मागे जाऊन घड्याळाच्या भरवशावर बसतो त्याला पांढरी पट्टी परत मिळत नाही. तिसऱ्या भागाबद्दल खालचा_फटका जी तक्रार करतोय तिचं हे थेट उत्तर आहे. सातव्यातले काही सामने आठवा. दोघे दहा पावलांवरून एकमेकांचा अंदाज घेतायत आणि चाळीस सेकंद एकही फटका नाही. आठव्यात ते होत नाही. रेइना, व्हिक्टर आणि अझुसेना हे तिन्ही नवे खेळाडू पहिल्याच दिवशी पूर्ण वाटले, कोणाची नक्कल नाहीत.

आणि हीट खर्च कशी करायची हाही खेळच आहे. हीट स्मॅश (हीटमधला खास जड फटका) मारला की हीट संपते. हीट डॅश (फटक्यामागोमाग पुढे झेपावणं) केला तरी संपते, पण ब्लॉकवर तो प्लस पाच देतो आणि लागला तर जगल. दहाही सेकंद जपून दबाव टिकवायचा की एका फटक्यात उधळायची, हा निर्णय प्रत्येक फेरीत घ्यावा लागतो.

खालचा_फटका:
निर्णय घेतो कोण? हल्ला करणारा. हीट आली की बचाव करणाऱ्याकडे एकच काम उरतं, उभं राहायचं की बसायचं याचा अंदाज. चुकला तर जगल, बरोबर निघाला तर समोरचा पुन्हा तोच प्रश्न विचारतो. एप्रिल २०२५च्या दुसऱ्या सीझनने तर ज्यांच्याकडे हे नव्हतं त्यांनाही असे डाव दिले. खेळणाऱ्यांनी एवढा विरोध केला तो उगाच नाही. पुढच्या दुरुस्त्यांत काही गोष्टी मागे घेतल्या गेल्या, यावरूनच कळतं. साइडस्टेप सातव्यात जिथे चालायचा तिथे आठव्यात कित्येक फटके वळून मागे येतात. पायचालच्या मापाने हा भाग शेवटी आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

पायचाल:
हीट_दहा, तुमचा पांढऱ्या पट्टीचा मुद्दा मला पटला. पळणाऱ्याला आवर घालायला भिंत आहेच, तरी दुसरं साधन असायला हरकत नाही. मला खटकतं ते प्रमाण. हीट दहाच्या जागी पाच सेकंद असती आणि डॅश ब्लॉकवर प्लस पाचच्या जागी शून्य असता, तर मी या भागाला सातव्याच्या शेजारी बसवलं असतं.

पण खेळायचा आहे तो आहे तसा, म्हणून बचाव लिहून ठेवतो. समोरच्याची हीट चालू झाली की पहिल्या दोन सेकंदांत बटण दाबू नका. हीट बर्स्ट अंगावर फटका झेलून येतो, घाईने मारलेला जॅब त्यात विरतो. उभ्याने ब्लॉक करा. त्याच्या हीट स्मॅशची ओळख आधी करून घ्या. प्रत्येकाचा वेगळा असतो, काहींचा ब्लॉक झाल्यावरही दबाव चालू राहतो, काहींचा पनिश होतो. सराव मोडमध्ये ज्या पाच खेळाडूंशी सर्वांत जास्त गाठ पडते त्यांचेच आधी नोंदवा. हीटचं घड्याळ त्याच्या फटक्यांदरम्यान थांबतं, त्यामुळे मनातल्या मनात दहा मोजून उपयोग नाही. पट्टीखालच्या हीटच्या रेषेकडे बघा. आणि आपली हीट आधी उधळू नका. समोरच्याची संपल्यावर आपली शिल्लक असेल तर उरलेल्या फेरीत अंतर तुम्ही ठरवता.

निळीठिणगी:
यात एक जोड. हीट डॅशनंतर प्लस पाचवर बहुतेक जण लगेच मिड किंवा थ्रो लावतात. तिथे जॅबने मध्ये शिरायला गेलात तर दहा फ्रेमचा तुमचा जॅब समोरच्याच्या १४ फ्रेमच्या मिडसमोरही हरतो, कारण त्याची गणती नऊपासून सुरू होते. तेवढ्यात उभ्याने ब्लॉक, थ्रोचा अंदाज असेल तर बसणं, किंवा साइडस्टेप हेच पर्याय. काझुयासमोर डावीकडे. रेइनासमोर कुठल्या बाजूला, ते सराव मोडमध्ये तिचे डॅशनंतरचे तीन फटके नोंदवून दोन्हीकडे दहा-दहा पावलं टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.